पावणेतीस

डेल्फिनो ट्रेविन्योला खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं टेक्सासच्या त्या किनाऱ्यावर फारच थोडी उरली होती. चर्चमधला पाद्री, गुडघ्याचा डॉक्टर आणि फार तर विजेचं बिल. बाकी सगळा गाव त्याला पावणेतीस म्हणायचा. लहान पोरंसुद्धा. तोही ओ द्यायचा, कारण बावीस वर्षं ओ दिली नाही तर माणूस बोलणार कुणाशी?

भानगड अशी होती. कुबालाच्या आमिषांच्या दुकानात, जिवंत कोळंबीच्या टाकीवर, एक निळी फळी टांगलेली आहे. खाडीत तीस इंच किंवा त्याहून लांब ट्राउट जो धरेल त्याचं नाव त्या फळीवर रंगवतात, आणि त्याच्या खाली साक्षीदाराचं. नियम कडक. मासोळी पाण्यात उभं राहून धरलेली हवी. होडीत पाय पसरून धरलेलीला तिथं कुणी विचारत नाही. मोजताना दुसरं माणूस हजर हवं. आणि मोजून झाली की जिवंत सोडायची, कारण एवढी वाढलेली असते ती मादीच, आणि तिच्या पोटात पुढच्या कित्येक हिवाळ्यांची मासळी असते. साठ वर्षांत एकोणीस नावं चढली. डेल्फिनोचं नाही चढलं. त्याची सगळ्यात मोठी भरली होती पावणेतीस. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात पाऊल टाकलं आणि बाल्डेमारनं "या, पावणेतीस, बसा" म्हटलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हा बाल्डेमार सोलिस म्हणजे डेल्फिनोच्या मुलीचा धर्मपिता. त्यामुळे दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणत, आणि त्या पवित्र नात्याच्या आडून एकमेकांची जमेल तेवढी खोड काढत. बाल्डेमारचं नाव फळीवर होतं. सव्वातीस. त्या सव्वातीसवर त्यानं इतकी वर्षं फुकट कॉफी प्यायली होती की कुबालानं त्याच्यासाठी वेगळा मगच ठेवला होता.

यंदा मात्र डेल्फिनोला घाई होती. फेब्रुवारीत गुडघा बदलायचा होता. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, नवा गुडघा चालेल, जिने चढेल, लग्नात नाचेलसुद्धा, पण खाडीच्या चिखलात पुन्हा उतरायचं नाही. होडीतून मासे धरा की, डॉक्टर म्हणाला. डॉक्टर ह्यूस्टनचा होता, त्याला काय कळणार. चाळीस हिवाळे छातीभर पाण्यात काढलेल्या माणसाचं नाव फळीवर नसावं, आणि आता कधीच नसावं, या विचारानं डेल्फिनोला जेवण गोड लागत नव्हतं. बायकोला, ओफेलियाला, तो म्हणाला होता की मला त्या फळीचं काही नाही. ती हसली होती.

जानेवारीत तीन दिवस उत्तरेचा वारा झोडपून गेला. पेलिकनसुद्धा धक्क्याखाली अंग चोरून बसले. चौथ्या दिवशी वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं निघालं, आणि डेल्फिनो सकाळपासून खिडकीशी उभा राहिला. अशा दिवशी सकाळी उतरणारा मूर्ख. थंडीत मोठ्या ट्राउट खोल पाण्यात दडून बसतात. दुपारी उथळातला चिखल उन्हानं तापला की आधी बोई मासे तिथं येतात, आणि त्यांच्या मागोमाग या बायका. दोन वाजता बाल्डेमारनं गाडीचा भोंगा वाजवला. ओफेलियानं बटाटा-अंड्याचे टाको कागदात गुंडाळून दिले आणि दोघांना बजावलं की बुडायचं असेल तर गुडघाभर पाण्यात बुडा, शोधायला सोपं जाईल.

डेल्फिनोनं दाराआडची काठी उचलली. ही त्याच्या बापाची मोजकाठी. मेस्कीटच्या लाकडाची, कमरेच्या वर येणारी, इंचाइंचावर खाचा आणि मधे तापल्या खिळ्यानं डागलेल्या पाव इंचाच्या रेघा. चिखलात टेकायला काठी, मासा मोजायला पट्टी. खालच्या टोकाला पितळी टोपण.

पाणी पोटापर्यंत आलं. दोघं पाय न उचलता घासत घासत चालले, तळाशी पाकट असेल तर तिला आधीच सुगावा लागावा म्हणून. चिखल पोटरीला धरून ठेवत होता आणि प्रत्येक पाऊल उपटताना गुडघा डेल्फिनोला त्याच्या वयाची आठवण करून देत होता. तासभर काही नाही. मग बाल्डेमार थांबला आणि त्यानं नाक वर केलं. डेल्फिनोलाही तो वास आला. कलिंगडाचा. भर जानेवारीत, खाऱ्या पाण्यावर, नुकतं कापलेल्या कलिंगडाचा वास. खाली ट्राउट पोटभर खात असली की तिच्या तोंडातलं तेल वर येतं आणि असा वास सुटतो. ज्यानं तो एकदा घेतला त्याला मंडईतल्या कलिंगडाजवळही हातात गळ हवासा वाटतो.

पन्नास हातांवर पाण्याला तेलकट गुळगुळीत थाळीएवढा डाग पडला होता. बाल्डेमारनं हातानं खूण केली, तू टाक. फुकट कॉफी पिणाऱ्या माणसाच्या अंगी असलं मोठेपण कधीकधी असतं.

डेल्फिनोनं गुलाबी रबरी आमिष डागाच्या वरच्या बाजूला टाकलं आणि जितकं हळू ओढवेल तितकं हळू ओढलं. गार पाण्यात ट्राउट धावत नाही, तिच्या तोंडाशी ताट न्यावं लागतं. दोरीला एक ठुसका बसला. मग जडपणा आला, आणि मग त्या जडपणानं मान हलवली. "अगं बाई," डेल्फिनो पुटपुटला. मासोळी वर आली तेव्हा तिचं पिवळं तोंड उघडं होतं, एवढं की त्यात संत्रं मावलं असतं. बाल्डेमार पाणी उडवत आला, येताना दोनदा पडता पडता वाचला.

त्यांनी तिला पाण्यातच ठेवून काठीला लावलं. बाल्डेमारनं नाक पितळी टोकाशी जुळवलं, डेल्फिनोनं शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत मिटली. दोघांनी माना खाली घातल्या. दोघांना एकच रेघ दिसली. दोघांनी पुन्हा मोजलं.

पावणेतीस.

बाल्डेमारनं टोमणा मारला नाही. तेच डेल्फिनोला जास्त लागलं. कंपाद्रे घसा खाकरून म्हणाला, "तीस म्हणू या. इथं बघतंय कोण?"

"तू बघतोयस," डेल्फिनो म्हणाला. त्यानं मासोळीला दोन्ही हातांत धरून पाण्यात पुढंमागं केलं. तिच्या कल्ल्यांत दम भरला, पाठीवरचे काळे ठिपके एकदा उन्हात चमकले आणि ती त्याच्या बोटांतून निघून गेली. इतकी सुंदर मासोळी धरून इतकं वाईट वाटावं, याचाही त्याला राग आला. परतताना तो गुडघ्याला शिव्या देत होता, गुडघ्याचा काही दोष नसताना.

घरात ओफेलिया शिवणयंत्रावर बसली होती. कुणाच्या तरी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा झगा, गुलाबी झालरींचा डोंगर, आणि त्याच्यामागे ती, गळ्यात टेप. ती टेप तिच्या गळ्यात चाळीस वर्षं होती. लग्नातल्या हारानंतर तीच. चुलीवर मक्याच्या पानांत उकडणाऱ्या तमालेंची वाफ सुटली होती, आणि ती सुटली की बाल्डेमारला बोलवावं लागत नाही.

"किती?" तिनं चेहऱ्याकडे बघूनच विचारलं.

"पावणेतीस."

"पुन्हा?"

"पुन्हा. बरोब्बर. रेघेला रेघ."

यंत्र थांबलं. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या मासोळीला जाळं लावलं होतं ओफेलियानंच. तेव्हा तीही पाण्यात उतरायची. त्या दिवशी तिनं मासोळीकडे एकदा पाहिलं होतं आणि म्हणाली होती, ही तीस आहे. डेल्फिनोनं काठी दाखवली. ती म्हणाली, काठी गेली खड्ड्यात, ही तीस आहे. त्यानं ऐकलं नाही. पाव इंच खोटं बोललं तर ते माशाच्या काट्यासारखं घशात राहील, म्हणाला. मग तिनं त्याला सांगितलं की संसार कर त्या पाव इंचाशी, आणि आठ दिवस अबोला धरला.

आता तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हाताऱ्या, मी जन्मभर बायकांची मापं घेतेय. एकाच बाईचं माप सकाळी एक आणि जेवल्यावर दुसरं. दोन वेगळ्या बायकांचं पाव इंचापर्यंत सारखं आलं, तर मी बायकांवर संशय घेत नाही. टेपवर घेते. आण ती काठी."

डेल्फिनोला हसू येणार होतं, पण ती हसत नव्हती. तिनं काठी टेबलावर आडवी टाकली, गळ्यातली टेप काढली, पितळी टोकापासून सरळ ताणली आणि काठीवरच्या पावणेतीसच्या रेघेवर बोट ठेवलं. मग ते बोट तसंच ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

टेप म्हणत होती तीस.

तमालेंच्या भांड्याचं झाकण तेवढं थडथडत होतं. डेल्फिनो खुर्चीवर बसला, कारण त्याला आठवलं. बाप गेला त्या वर्षी, म्हणजे त्या जुन्या मासोळीच्याही आधी, काठी त्याच्याकडे आली. त्याला वाटलं, चिखलात टेकून टेकून टोक झिजेल. झिजलं तर मासा आहे त्याहून लांब भरेल. आणि लोक म्हणतील, ट्रेविन्योची काठी लबाड. म्हणून त्यानं मोडक्या खुर्चीच्या पायाचं पितळी टोपण काढून काठीच्या टोकाला ठोकलं. चांगलं जाड बुडाचं. पाव इंच जाड. त्या जाडीचा हिशेब करायचं त्याच्या प्रामाणिक डोक्यात आलंच नाही.

"गाढवा," ओफेलिया म्हणाली, पण इतक्या मायेनं की बाल्डेमारनं दुसरीकडे पाहिलं.

बाल्डेमार मात्र कधीचा बोटं मोजत होता. "कंपाद्रे," तो हळूच म्हणाला, "हे टोपण नक्की कधी ठोकलंस?"

"बाप गेला तेव्हा."

"म्हणजे माझ्या मासोळीच्या आधी. आणि माझी याच काठीवर मोजली होती."

"हो."

बाल्डेमारनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग माझी साडेतीस," तो म्हणाला, आणि त्या घटकेपासून ओफेलियाच्या टेपचा त्याच्याइतका कट्टर भक्त सगळ्या टेक्सासात कुणी नव्हता.

तमाले तशीच ठेवून तिघं दुकानात गेले, काठी बाल्डेमारच्या गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून. कुबालानं सगळं ऐकून घेतलं. तो चेक शेतकऱ्यांच्या घरातला, सहजासहजी विरघळणारा नव्हे. त्यानं गल्ल्याखालची पोलादी पट्टी काढली, चष्मा पुसला, तीनदा मोजलं. मग तो रंगाची डबी आणायला आत गेला, आणि तेवढ्यावरून डेल्फिनोचे कान गरम झाले.

आधी सव्वातीसचं साडेतीस झालं. बाल्डेमार तोवर कुणाला स्वस्थ बसू देईना. मग कुबाला ब्रश घेऊन वळला. एका माणसाचं नाव फळीवर एकदाच चढतं, तो म्हणाला, कुठली लिहू? आजची की जुनी?

आजची, बाल्डेमार लगेच म्हणाला. आजची ताजी आहे, पाणी अजून सुकलं नाही, आणि साक्षीदार म्हणून खाली आपलं नाव छान शोभेल. ओफेलिया आमिषांच्या फडताळाकडे बघत उभी होती, जणू तिला नवं रबरी आमिष घ्यायचं होतं.

"जुनी लिही," डेल्फिनो म्हणाला. "साक्षीदार ओफेलिया ट्रेविन्यो."

"हे बरं आहे," बाल्डेमार चिडला. "आज मी मोजलं."

"तू पावणेतीस मोजलंस."

"मग हिनं काय मोजलं होतं?"

"ती तीस म्हणाली होती," डेल्फिनो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

कुबालानं लिहायला घेतलं. त्याचा हात संथ होता, एकेक अक्षर जागा बघून उतरत होतं. ओफेलियानं आपलं नाव पूर्ण होईपर्यंत पाहिलं. आठ दिवसांच्या अबोल्यातही जी बाई कधी रडली नव्हती, तिनं टेपच्या टोकानं डोळा पुसला आणि नवऱ्याला म्हणाली की चल, तमाले करपतील.

बाहेर पडताना गुडघा नेहमीसारखाच दुखत होता, पण डेल्फिनोनं त्याला आज माफ केलं. काठी ओफेलियाच्या हातात होती. धक्क्यावरून होडी गाडीला बांधून कुणीतरी चाललं होतं, काच खाली करून तो ओरडला, "काय पावणेतीस, लागली का?"

डेल्फिनोनं ओ दिली, सवयीनं. मग बायकोच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लागली की. बावीस वर्षं झाली."