टिटवी आणि लग्नाचं साल

परवानगी काढून दरोडा घालायचा, हा माझा धंदा. कुलपं तेवढी कॉम्प्युटरची. या वेळी फोडायचा होता एका रुग्णालयाचा सर्व्हर, आणि त्याचे राखणदार होते आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. एवढ्या मोठ्या कामाला नेमकं मलाच बोलावलं म्हणून मी कॉलर ताठ करून गेलो होतो.

दाजींच्याच काचेच्या केबिनमध्ये मला टेबल दिलं होतं. सकाळभर ठेवणीतल्या सगळ्या युक्त्या वापरून झाल्या, सर्व्हर दाद देईना. दाजी समोर बसून मजेत चहा पीत होते.

"काय मेव्हणे, जमतंय की घरी जाताय?"

डिवचल्यावर गप्प बसणाऱ्यातला मी नाही. ताईला घरात आम्ही टिटवी म्हणतो. एकदा सुरू झाली की गल्लीभर ऐकू जातं. दाजींच्या खात्याचा पासवर्ड म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'टिटवी' टाकलं आणि पुढे त्यांच्या लग्नाचं साल. रुग्णालय सताड उघडलं. मला हसू आवरेना.

दाजींचा चेहरा मात्र पडला. "अरे, हे घरातलं नाव. बाहेरच्याला कसं सुचणार?"

क्षणभर मलाही ते पटलं. मग या खात्यातून आधी कोण कोण येऊन गेलं ते पाहिलं. गेल्या महिन्यात कुणीतरी भलत्याच ठिकाणाहून आत शिरलं होतं आणि पेशंटची औषधं, रक्तगट, सगळं उपसून गेलं होतं.

"हे तुम्ही होतात?"

दाजींनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मी मोबाईलवर त्यांचं फोटोंचं पान उघडलं. दोघांचा हसरा फोटो, आणि खाली साऱ्या जगाला वाचता येईल असं दाजींनी लिहिलेलं, 'माझ्या टिटवीला लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा'. वर लग्नाची तारीख, सालासकट. माझं डोकंच फिरलं.

"पासवर्ड आत्ता बदलतो," दाजी घाईघाईने म्हणाले. "तू अहवालात फक्त सगळं ठीक आहे असं लिही."

"आणि तो आत काही पेरून गेला असेल तर? उद्या कुणाला भलतंच रक्त चढलं तर?"

"माझी नोकरी जाईल रे. या वयात मला कोण ठेवणार?"

ते उठले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. लिहावं तर ताईचा संसार उघड्यावर, न लिहावं तर खाटेवरचा कुणीतरी अनोळखी माणूस माझ्यामुळे जाणार.

"ताईला मी समजावतो," मी म्हणालो.

"तिला काय समजावणार? तुझं नाव साहेबांना सुचव, असं तीच म्हणाली. आपला माणूस सांभाळून घेईल म्हणाली."

म्हणजे माझी हुशारी वगैरे काही नव्हतं. मी लिहिणार नाही, याच भरवशावर मला आणलं होतं, तेही ताईने. मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. दाजींनी उचल म्हणून खूण केली. मी फोन पालथा टाकला. तिचा आवाज ऐकला असता तर माझ्याच्याने लिहवलं नसतं. तो वाजत राहिला आणि मी टाइप करत राहिलो, 'प्रमुखांचं खातं फुटलं. माझ्याआधी कुणीतरी आत येऊन गेलं आहे.'

दाजी दारातून हलले नाहीत.