फाईल चालू आहे

ही गोष्ट मी सांगावी की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही. मी कॉम्प्युटरचा माणूस नव्हे. बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्तीनंतर सातपूरच्या एका बियाणे कंपनीत अर्धवेळ 'भाषा सल्लागार' म्हणून लागलो. कंपनीचे मालक रंगनाथसाहेब यांना एका सकाळी मराठीचा पुळका आला आणि यापुढे प्रत्येक अहवाल मराठीतच हवा, असं फर्मान निघालं. साहेब स्वतः अहवालाची फक्त शेवटची ओळ वाचतात. तिला 'निष्कर्ष' म्हणतात. वरचं पानभर मी वाचतो. मी वाचल्यानं त्याचं काही भलं होतं का, सांगता येत नाही.

कंपनीच्या कॉम्प्युटर सुरक्षा विभागात एकूण एक माणूस आहे, हर्षाली. दिंडोरीकडची मुलगी, हुशार, बोलायला फटकळ. सहा महिने भांडून तिनं सँडबॉक्स मंजूर करून घेतला. साहेब म्हणाले, आधी मराठी शब्द द्या. मी दोन दिवस विचार करून 'वाळूपेटी' हा शब्द दिला आणि तिसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा असं मला वाटू लागलं; तोवर मागणीपत्र गेलं होतं. खरेदी विभागानं उलट टपाली विचारलं, "किती ब्रास?"

शेवटी पेटी आली. म्हणजे एक साधाच कॉम्प्युटर, कोपऱ्यात, बाकी कशालाही न जोडलेला.

"संशयास्पद फाईल आली की ती आधी ह्याच्यात उघडायची," हर्षालीनं मला समजावलं. "तिला वाटतं आपण खऱ्या ऑफिसात आलो. काय धिंगाणा घालायचा तो इथेच घालते. आपण बघायचं, लिहून घ्यायचं आणि सगळं पुसून टाकायचं."

गेल्या महिन्यात साहेबांना एक ई-मेल आली. कुठल्याशा संस्थेनं त्यांना 'उद्योगभूषण' पुरस्कार जाहीर केला होता. सोबतची फाईल उघडून संमती भरायची होती. संस्थेचं नाव कोणीच ऐकलेलं नव्हतं, पण साहेबांच्या मते त्यात संस्थेचा काही दोष नव्हता. फाईल वाळूपेटीत गेली आणि गप्प बसली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पाव्हण्यांच्या घरी बसावं तशी.

"काका, हिला कळलंय इथे माणूस नाही ते," हर्षाली म्हणाली. "माउस हलत नाही, कोणी टाईप करत नाही. मी प्रोग्रॅमनं माउस हलवला तर तो इतका सरळ जातो की तेही ओळखते. तुम्ही बसा बरं इथं."

"मी? मला येत नाही गं."

"म्हणून तर! येत नसलेला माणूस पाहिजे."

मी बसलो. एक पत्र टाईप करू लागलो. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, 'सप्रेम' खोडलं, परत लिहिलं, मग जास्त सलगी वाटली म्हणून पुन्हा खोडलं. चौथ्या खोडण्याला फाईल जागी झाली. पेटीत खोटे म्हणून ठेवलेले सगळे दस्तऐवज तिनं एकेक करून कुलूपबंद केले आणि मग सोडवणुकीचे पैसे मागणारी पाटी झळकावली. अडुसष्ट वर्षांत मी माणूस असल्याची एवढी रीतसर खात्री दुसऱ्या कोणी करून घेतली नव्हती.

"बाई बाई, लय चालू हाय ही!" हर्षालीनं टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी तिला लग्नाचा बस्ता बांधायला येवल्याला जायचं होतं. म्हणून त्याच संध्याकाळी तिनं घाईघाईत अहवाल लिहून माझ्याकडे टाकला. निष्कर्ष होता, 'सदर फाईल फार चालू आहे.'

मी पेन्सिल उचलली. यंत्र चालू असतं किंवा बंद. फार चालू कसं असेल? बोलीतला शब्द आहे, अहवालात शोभतो का? समासात प्रश्नचिन्ह केलं. मग वाटलं, तिच्या विषयातलं मला काय कळतं; प्रश्नचिन्ह पुसलं. पण हात शिवशिवत होता. फक्त 'फार' तेवढा काढला.

सकाळी अकराला सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब मोठ्या पडद्यावर सर्वांसमक्ष पुरस्कार स्वीकारणार होते. पेढे आले होते. कार्यालय व्यवस्थापक समाधान माईकवर होता.

"साहेबांनी काळजी म्हणून फाईल वाळूपेटीतून तपासून घेतलेली आहे," त्यानं जाहीर केलं. "निष्कर्ष वाचून दाखवतो. 'सदर फाईल चालू आहे.'"

टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत हार घेऊन भिमाजी बसला होता. आमच्या टोमॅटोच्या प्लॉटवरचा जुना मुकादम. कुठलं रोप करपा रोगाला टिकलं, कुठलं आडवं झालं, हे त्यानं बारा वर्षं रोज वहीत लिहिलं. कंपनीचं नवं वाण त्यातूनच यायचं होतं. गेल्या वर्षी कार्यालय कागदमुक्त झालं, तेव्हा वह्या कॉम्प्युटरवर चढवून रद्दीत घातल्या. नोंदींची दुसरी प्रतही होती, एका डिस्कवर. ती सोय म्हणून कायम त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली असे. सभागृहातला कॉम्प्युटरही त्यालाच जोडलेला. साहेबांनी एक बटण दाबलं की बारा वर्षं कुलपात जाणार होती, आणि एक शब्द खोडून ती वाट मीच करून दिली होती.

हर्षालीला फोन लावला. ती साड्यांच्या दुकानात. कुठला ऐकू येतोय! मी उभा राहिलो. खुर्ची करकरली.

"साहेब..."

"काका, पेढे नंतर," समाधान म्हणाला. लोक हसले.

"तसं नाही. ती फाईल चालू नाही. म्हणजे, चालूच आहे. पण चालू म्हणजे ते चालू नव्हे."

"आहे की नाही?" साहेबांनी विचारलं.

"आहे. फार आहे."

"मग झालं तर! काकांचंपण अनुमोदन घ्या लिहून."

पुन्हा हशा. भिमाजीसुद्धा हसला, हार सांभाळत. मी खाली बसायच्या बेतात होतो. माझं निम्मं आयुष्य असं खाली बसण्यातच गेलं आहे. तेवढ्यात साहेबांचा हात माउसकडे गेला आणि मला पडद्यावरचं पत्र दिसलं.

"साहेब, 'उद्योगभुषण'मधला 'भु' ऱ्हस्व आहे."

हात थांबला.

"म्हणजे?"

"दीर्घ हवा. पुरस्काराचं नावच चुकलंय. प्रमाणपत्रावर असंच छापलं, तर केबिनमध्ये कायम असंच टांगलेलं राहील. येणारा-जाणारा वाचेल."

मी धोका सांगू पाहिला तेव्हा न थांबलेला माणूस ऱ्हस्व उकारापुढे थांबला. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग समाधानकडे, त्यानंच तो उकार आणून ठेवल्यासारखं.

"त्यांना कळवा. दुरुस्त करून पाठवा म्हणावं. तोवर उघडायचं नाही."

पेढे मात्र वाटले गेले. पाऊण तासात त्या लोकांचं उत्तर आलं. 'भू' दीर्घ केला होता, फाईल पुन्हा जोडली होती, आणि 'चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार' मानले होते. बत्तीस वर्षांत एकाही लेखकानं माझे आभार मानले नव्हते. विसर्गसुद्धा बरोबर होता.

समाधान फाईल लगेच उघडायला निघाला होता. मी म्हटलं, मजकूर बदलला म्हणजे नव्यानं तपासणी लागते. हा छापखान्याचा नियम आहे. छापखान्याचा नियम इथे कसा लागू होतो, हे सुदैवानं त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षाली आली. मी तिला अहवाल दाखवला आणि कबूल केलं, "यातला 'फार' मी काढला."

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "काका, शब्द खोडताना फोन तरी करायचा."

"दोनदा उचलला होता. वाटलं, तुला उगाच त्रास."

"आणि 'भु'च्या वेळी नाही वाटलं उगाच त्रास?"

"तिथे मला खात्री होती."

मग तिनं दुरुस्त होऊन आलेली फाईल पेटीत घातली आणि साहेबांनाच समोर बोलावलं. मी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, खोडलं. त्यांच्या डोळ्यांदेखत दस्तऐवज एकेक करून बंद झाले. साहेब गंभीर झाले. मग म्हणाले, "पण 'भू' तर आता दीर्घ आहे ना?"

आठवड्यानं आदेश निघाला. बाहेरून आलेली प्रत्येक फाईल आधी भाषा सल्लागारांनी ऱ्हस्व-दीर्घासाठी तपासावी आणि मगच वाळूपेटीत घालावी. तसंच सदर सल्लागारांनी रोज एक तास पेटीसमोर बसून 'मानवी हालचाल' करावी. नोंदींची दुसरी प्रत कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवावी, ही हर्षालीची मागणी अहवालाच्या मधल्या परिच्छेदात होती, म्हणून ती कोणी वाचली नाही. पुढच्या अहवालात आम्ही ती निष्कर्षात घातली. त्याच दिवशी मंजूर झाली, आणि आता ती डिस्क भिमाजीच्या जुन्या कपाटात, कुलपात असते.

आदेशात 'सुरक्षा' हा शब्द 'सुरक्शा' असा छापला होता. मी दाखवून दिला नाही. इतक्यात पुन्हा उभं राहणं मला झेपलं नसतं.