कानाचा कौल

पिवळ्या मुठीचा पेचकस कानामागच्या हाडावर टेकलेला, टोक कॉन्टेसाच्या इंजिनावर… आणि हाफिजचाचांना बरं वाटलं, कारण हिचं सगळं अजून कळत होतं – व्हॉल्व्हची टकटक, फॅन बेल्टची कुरकुर, आणि त्याखालचं ते जाड, पोटातून येणारं घुमणं, ज्याच्यापायी हिचे मालक किसनराव पांढरकवड्याहून वडकीपर्यंत उगाच चक्कर मारायचे आणि शेजारी चाचांना बसवायचे. किसनराव जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून कॉन्टेसा इथेच, गॅरेजात. आज त्यांचा मुलगा रजत आपली नवी दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी घेऊन आला होता.

"घरी जागा एकाच गाडीची हाये, चाचा. बाबा म्हनत, हाफिजच्या कानाले पटली ते गाडी खरी. तुमीच सांगा, कोनती ठेवू?"

कान! उजवा दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा मर्जी असली तर ऐकतो. सुग्राबीला, बायकोलासुद्धा, सांगितलं नाही. टीव्ही मोठ्याने लावायचा आणि बातम्यांवर खेकसायचं, म्हणजे घरात शंका येत नाही. मिस्त्रीला ऐकू येत नाही हे बसस्टँडवर पोचलं की गॅरेजला कुलूपच.

सकाळी हायवेवर दोन्ही चालवल्या होत्या. कॉन्टेसा वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, आपलं वजन क्षणोक्षणी सांगत राहते. आणि नवी… नवीला वजनच नाही. वळण मनात यावं आणि ती वळलेली असावी. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. या वयात एकट्यानेच हसलो मी – आणि लगेच किसनरावांच्या आठवणीने लाज वाटली.

रजतने नवी सावलीत आणून उभी केली, उतरला. हाफिजचाचा आत बसले, ब्रेक दाबला, सुरू करायचं बटण दाबलं, जाणत्यासारखी मान हलवली.

"काय गोड चालून राह्यली! कुठं काही खोट नाही."

रजतचे ओठ हलले.

"काय म्हनतो?"

तो खिडकीपाशी वाकला. "चालूच होती, चाचा. तुमी आता बंद केली."

बंद गाडीची तारीफ… किसनराव असते तर पोट धरून हसले असते, शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर गावाला सांगत फिरले असते. हा निदान चिडेल, असं हाफिजचाचांना वाटलं. रजतने हळूच दार उघडलं, आणि म्हाताऱ्यांशी बोलतात तसा, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने विचारलं, "चाचा… पानी… आनू काय?"

अक्षर न् अक्षर ऐकू आलं. इतकं मायेनं विचारलेलं की रागावताही येईना. कोणती ठेवू, हे मात्र त्याने पुन्हा विचारलं नाही. आणि मी, दोन वर्षांत पहिल्यांदाच काही न लपवता, त्याने ते विचारावं म्हणून वाट बघत बसलो…