तीन धारा बघून घेतलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जाडजूड गेमिंग लॅपटॉप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, काम करताना मी घोरतो. आता माझं वय झालंय. झाकणाचा रंग उडालाय, एका कोपऱ्याला पोचा आलाय आणि रोजच्या वापरातल्या कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत. तरीही मला अजून कुणी अडगळीत टाकलेलं नाही. ते का, हे ऐकायचं असेल तर जरा बसा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लाड वगैरे काही नसतात. पोटात दोन पंखे बसवले, पाठीला रुंद जाळी लावली, पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं आणि दिलं पाठवून. हादरे खात खात मी कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका दुकानात पोचलो. दुकानाचे मालक श्रेणिकभाऊ. त्यांनी मला खोक्यातून काढलं, फडक्यानं पुसलं आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी पुढच्या काचेच्या फळीवर मांडलं.

माझ्या शेजारी आणखी एक लॅपटॉप होता. आम्हा दोघांची किंमत सारखीच, फार स्वस्त नाही आणि फार महागही नाही. पण त्याचं रूप काय सांगू! अंगानं सडपातळ, झाकण आरशासारखं, आणि कळांखाली सात रंगांचे दिवे. त्याचं ग्राफिक्स कार्डही नावाला माझ्यापेक्षा एक पायरी वरचं. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे वळायचा. माझ्याकडे बघून एक जण तर म्हणाला, “ह्यो लॅपटॉप हाय का वजनकाटा?” मला फार लागलं. पण तोंड नसल्यामुळे गप्प बसलो.

मग एके दिवशी सकाळी राजनंदिनी आली. उचगावची पोरगी, बारावी नुकतीच झालेली. सोबत तिचे वडील बाळासो होते, दहा-बारा म्हशींचा गोठा सांभाळणारे. नंदिनीला पुण्याच्या एका कॉलेजात गेम तयार करायला शिकायचं होतं. तिथं प्रवेशासाठी स्वतः बनवलेला एक छोटा गेम पाठवावा लागायचा. मोबाइलवर तो काही होईना. तेव्हा घरात बोली झाली होती की बाळासोंनी एकदाच चांगलं मशीन घेऊन द्यायचं. प्रवेश मिळाला तर पुणं, नाहीतर मुकाट्यानं गावच्या दूध डेअरीत संगणकावर बसायचं. म्हणजे लॅपटॉप चुकला की पोरीचं पुणंच चुकलं.

नंदिनीनं कितीतरी व्हिडिओ बघून सगळ्या बाजारातून दोनच लॅपटॉप निवडले होते, तो आणि मी. आता दोघांतला कुठला, इथं तिचं घोडं अडलं होतं.

“पावणं, कुठला बांधू?” श्रेणिकभाऊंनी विचारलं.

बाळासोंनी आम्हा दोघांना उचलून बघितलं, पाठीवरून हात फिरवला, खालून वाकून बघितलं. “बांधायची घाई नको. आमी म्हस घेताना तीन येळच्या धारा बघतो. गोठ्यात मुक्काम ठोकून सोता धार काढतो, मगच दावं हातात घेतो. ह्यो तर डबाच हाय.”

“म्हणजे काय करायचं म्हणता?”

“म्हशीला दीड दिस लागतुया. ह्येचं एका दिसात उरकू. सकाळ, दुपार, संध्याकाळ. धार पोरगी काढंल, आमी नुसतं बसतो.”

श्रेणिकभाऊ आधी हसले. मग बाळासो खरंच स्टूल ओढून बसले, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. पण माणूस दिलदार. त्यांनी आम्हा दोघांच्या वायरी जोडल्या आणि चहा मागवला.

पहिली धार सकाळची. नंदिनीनं आम्हा दोघांवर एकच जड गेम लावला. शेजाऱ्याची चित्रं लोण्यासारखी सरकत होती. मी किंचित मागेच. त्यात माझे पंखे सुरू झाले आणि सगळं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं.

“ह्ये काय म्हणायचं?” बाळासो दचकले. “जात्यावर दळाप काढलं काय कुणी?”

मी शरमेनं आणखीच तापलो.

दुसरी धार दुपारची. ती चालू असतानाच वीज गेली. श्रेणिकभाऊ इन्व्हर्टरकडे निघाले तर बाळासोंनी त्यांना थांबवलं. “असू दे, असू दे. आमच्यातबी जातीया की. आता कळंल कोण किती टिकतंय.” मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझी बॅटरी लवकर संपते. गेम अर्ध्यावर असताना मी मान टाकली. शेजारी मात्र त्यानंतरही कितीतरी वेळ आपले सात रंग मिरवत राहिला. दुकानात आलेली माणसं एव्हाना आपली खरेदी विसरून भोवती उभी होती. सगळ्यांनी एका आवाजात निकाल देऊन टाकला, “चकाकणारा घ्या, मालक!” मला वाटलं, संपलं. मी आपला फळीवरच म्हातारा होणार.

तिसरी धार संध्याकाळची, वीज परत आल्यावर. आता नंदिनीनं गेम बंद केला आणि मोबाइलवर अर्धवट राहिलेलं आपलं खरं काम काढलं. तिच्या गेममधली अख्खी वाट तिनं आम्हाला रंगवायला लावली, शेतं, झाडं, धूळ, ऊन, सगळं. हे काम गेम खेळण्यापेक्षा अवघड असतं. थोड्या वेळात शेजाऱ्याच्या अंगाला चटके बसायला लागले. त्याच्या सडपातळ पोटात वारा खेळायला जागाच नव्हती, मग जीव वाचवायला त्यानं आपला वेग कमी केला. चित्र अडखळायला लागलं. मी तेवढाच तापलो होतो, घोरतही होतो, पण थांबलो नाही. दोन्ही पंख्यांनी जीव तोडून गरम वारा बाहेर फेकला आणि वाट पुरी करून दाखवली.

बाळासोंनी लेकीकडे बघितलं. “काय ठरवतीस नंदे? मला इचारशील तर ती चकाकणारी बरी. लाइट गेली तरी चालती.”

नंदिनीनं आम्हा दोघांच्या जाळ्यांसमोर हात धरला. एकदा शेजाऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, “पप्पा, लाइट गेली तर मी थांबतो की. आल्यावर परत बसतो. पण लाइट असताना मशीनच थांबलं तर मी काय करू? मला हाच पायजे. घोरू दे घोरला तर.”

मी आनंदानं आणखी जोरात घोरलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं रूप सोडून काम बघितलं होतं.

गंमत पुढेच झाली. श्रेणिकभाऊंनी आतून माझ्याच जातीचा नवाकोरा, सील न फोडलेला लॅपटॉप आणून ठेवला. बाळासोंनी तो हातानं मागं सारला. “ही कोण? हिची धार कुणी बघितलीया? जिची काढली तीच द्या.”

“अहो बाळासो, हा नवा आहे. तो फळीवरचा, लोकांनी हात लावलेला.”

“असू दे. आमी बघून घेतली ती आमची.”

श्रेणिकभाऊंनी कपाळावर हात मारला. सगळं दुकान हसत होतं, आणि मी ऐटीत नंदिनीच्या मांडीवर बसून उचगावला निघालो.

उचगावच्या घरात माझा थाट वाढला. बाळासोंची थोरली बहीण, सगळ्यांची आक्का, तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नंदिनी रोज पहाटे गोठ्यातलं काम आवरून माझ्यापुढं बसायची. तिचा गेमही घरचाच होता. एका म्हशीला भर उन्हातून, गर्दीतून पळवत तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचवायचं, एवढाच तो खेळ. पण एक अडचण सुटत नव्हती. म्हैस उन्हानं दमून वाटेतच बसायची. खेळणारा तळ्यापर्यंत पोचायचाच नाही. ऊन कमी करावं तर खेळात मजा उरत नव्हती. प्रवेशाची मुदत जवळ येत चालली होती आणि नंदिनीचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

तो उन्हाळाही भलता कडक निघाला. एका दुपारी माझ्यावर मोठं काम लावून नंदिनी गोठ्यात पाणी पाजायला गेली. मी धापा टाकत होतो. आक्का आली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

“आरं देवा! केवढं तापलंय! दम लागलाय की लेकराला!”

उचगावात उन्हानं म्हैस धापा टाकायला लागली की काय करतात, ते सांगायला नको. ओलं पोतं पाठीवर टाकतात. आक्काला माझी दया आली. तिनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळल्यासारखं केलं आणि मोठ्या मायेनं माझ्या अंगावर पांघरलं.

एक क्षण गार वाटलं, खरं सांगतो. मग पाणी कळांमधून आत उतरलं आणि सगळा अंधार झाला.

पुढचं मला श्रेणिकभाऊंच्या दुकानात शुद्धीवर आल्यावर कळलं. नंदिनीनं किंकाळी फोडली होती. आक्काला आधी काही समजेना. “अगं, पिळून टाकलंतं की!” एवढंच ती म्हणत राहिली. मग आत गेम होता आणि गेमबरोबर पोरीचं पुणं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. त्यावर ती गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली ती उठेचना. जेवायला बोलावलं तरी नाही. नंदिनीलाही राग आवरत नव्हता. ती आक्काशी बोलली नाही.

श्रेणिकभाऊंनी मला उघडलं, सुकवलं, कळांचा अख्खा पट्टा बदलला. नंदिनी रोज दुकानात येऊन बसायची आणि काही न विचारता परत जायची. अखेर मी डोळे उघडले. गेम जसाच्या तसा होता. नंदिनीनं मला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. मित्रांनो, माझ्या पंख्यांत पाणी गेलं होतं, पण तिच्या डोळ्यांतलं हे पाणी मला गोड लागलं.

मला घरी आणलं तेव्हा आक्का चार हात लांबच उभी राहिली. नंदिनीनंच तिला ओढत जवळ आणलं आणि पडद्यासमोर बसवलं. “बघ, सगळं हाय. म्हस बी हाय.”

आक्कानं बघितलं. म्हैस उन्हातून पळाली, दमली आणि वाटेत बसली. आक्का आपली चूक विसरून एकदम कडाडली, “व्हय गं नंदे! एवढ्या उनातनं जनावर पळवतीस, आणि अंगावर ओलं पोतं न्हाई? मरंल की ती!”

नंदिनी तिच्याकडे बघतच राहिली. मग खदखदा हसली, आणि हसता हसता तिनं आक्काचे दोन्ही गाल ओढले. त्याच दिवशी गेममध्ये एक नवी बाई आली. नऊवारी, कमरेला पदर खोचलेला, आवाज मोठा. म्हैस दमली की ही बाई कुठूनतरी येऊन तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकायची, आणि म्हैस पुन्हा धावायला लागायची. पण ती आपणहून यायची नाही, वेळ बघून हाक मारावी लागायची. लवकर मारली तर पोतं वाळून जायचं, उशिरा मारली तर म्हैस बसायची. खेळात जान आली. मी तापलो, घोरलो, आणि मुदतीच्या आत गेम पुण्याला पोचवला.

मुलाखतीला मीही गेलो होतो. तिथल्या शिक्षिका बाईंनी गेम खेळून बघितला. पोतं टाकणारी बाई आली तशा त्या मोठ्यानं हसल्या आणि लागलीच दुसरा डाव खेळायला बसल्या. नंदिनीला प्रवेश मिळाला.

आता आम्ही पुण्यात असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला गादीवर ठेवू नका, तिथं त्याचा श्वास कोंडतो. जाळीतली धूळ काढा, पाठीला जरा उंची द्या, आणि तो घोरला तर त्याला हसू नका. तो काम करतोय. माया जरूर करा, पण जनावर असो की यंत्र, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आक्का आता विचारते. दर रविवारी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न माझ्याबद्दलच असतो, “त्येला दम लागत न्हाई न्हवं?” नंदिनी फोन माझ्या जाळीजवळ धरते. मी मुद्दाम जरा जोरात घोरतो. आक्का कान देऊन ऐकते, “चाललंय की बेस,” म्हणते, आणि मग कुठे तिला आठवण होते, “बरं, तू जेवलीस का गं?”