झोपेतली नाडी

भौतिकशास्त्राचे सर फळ्यावर गणित सोडवत होते, तोच अयोध्याला बाक हलल्यासारखं वाटलं. "हालतंय, भाईर पळा," म्हणत ती दाराकडे धावली. लातूरच्या त्या क्लासात दीडशे पोरं दाटीनं बसलेली. भूकंपाला सहा वर्षं झाली होती, पण धास्ती कुणाच्याच अंगातून गेली नव्हती. एकमेकांना ढकलत सगळे रस्त्यावर आले. बाहेर चहाच्या गाड्यावर माणसं निवांत बसली होती. काहीच हललं नव्हतं.

सरांनी निलंग्याकडच्या गावाहून तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. "पोरीच्या मनात भीती बसलीय. यंदा घरी न्या," ते म्हणाले.

दोन महिन्यांपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. वाचता वाचता उठायची, खोलीत फेऱ्या मारायची, परत बसायची तर ओळ हरवलेली. डिसेंबरात घाम फुटायचा. खाणावळीच्या बाईंनी बोलून दाखवावं इतकं जेवायची, तरी कपडे अंगावर लोंबायचे. खोलीतल्या मुग्धाशी रोज भांडायची, मग रडायची.

सरजाबाईनं लेकीचा हात धरला. "हात का कापायलाय गं?"

"न्हाई कापत."

"मला दिसायलंय." ती नवऱ्याकडं वळली. "गावाकडं मग नेऊ. आधी डॉक्टरला दाखवू."

डॉक्टर विनीतांनी अयोध्याला हात पुढं करायला लावून बोटांवर कागद ठेवला. तो थरथरला. तिला पाणी प्यायला लावून, ती गिळत असताना त्या तिचा गळा न्याहाळत राहिल्या. मग तिला खाटेवर पडायला सांगितलं. दमलेल्या पोरीचा भरदुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा डॉक्टरांची बोटं तिच्या मनगटावर होती.

"झोपेत एकशे सोळा," त्या तिच्या वडिलांना, सुदाम गुरुजींना म्हणाल्या. "नुसत्या भीतीची नाडी झोपेत उतरते. हिची उतरत नाही. मला थायरॉइडची शंका आहे."

तीन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती.

"म्हंजे मी येडी न्हाई?"

"नाही. आजारी आहेस, आणि औषध आहे. पण ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. या गोळीनं क्वचित रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात."

सुदाम गुरुजी सामान बांधायला निघाले. "गोळ्या इथं बी गिळता येतात," अयोध्या म्हणाली. सरजाबाई महिनाभर तिच्याजवळ राहिली. छातीची धडधड आठवड्यात कमी झाली. बाकीच्याला वेळ लागला.

जानेवारीअखेर, सराव परीक्षेच्या सकाळी तिचा घसा दुखू लागला.

"गुळण्या कर. पेपर देऊन जा," मुग्धा म्हणाली.

अयोध्या क्लासच्या फाटकातून दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. शेवटी दवाखान्याकडं वळली. रिपोर्ट येईस्तोवर ती लॅबच्या दारात येरझाऱ्या घालत होती. पेशी ठीक होत्या. साधी सर्दी होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तो पेपर मात्र बुडाला.

बोर्डाची परीक्षा तिनं दिली. मेडिकलएवढे मार्क पडले नाहीत. नांदेडला बीएस्सीला प्रवेश मिळाला. जाण्याआधी ती डॉक्टरांकडं गेली. त्यांनी गोळी कमी केली. "अजून वर्षभर तरी घ्यावी लागेल."

"बंद केल्यावर परत उलटलं तर?"

"उलटू शकतं. मग पुन्हा उपचार करू."

तिला हे उत्तर आवडलं नाही. तरी पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहून घेऊन ती नांदेडच्या गाडीत बसली.