उजव्या खांद्याची खाच

रॉकेट उडायला अकरा मिनिटं होती. तेवढ्यात ह्यांनी तीनदा टीव्हीचा आवाज वाढवला आणि वन्संनी तीनदा कमी केला. बहीणभावांच्या भांडणात मी पडत नाही. पण मला प्रश्न विचारायची खोड आहे, ती काही जात नाही.

“वन्सं, त्या तिघांना असं पाठीवर का निजवलंय? गुडघे पोटाशी घेऊन?”

“वर जाताना अंगावर चौपट वजन येतं, वहिनी. बसलेल्या माणसाचं रक्त पायात उतरेल आणि घेरी येईल. निजलेला तग धरतो.”

वन्संना हे ठाऊक, कारण त्या माणसांच्या पाठीखालची आसनं त्याच बनवतात. प्रत्येकाचं आसन वेगळं. अंतराळवीराला पातळ कपड्यांत कोमट, ओल्या प्लास्टरमध्ये निजवायचं, पाठीचा ठसा घ्यायचा, आणि तो वाळला की तासणीने खरवडत बसायचं. बावीस वर्षं त्या हेच करताहेत. कुठे समारंभाला गेल्या तरी लोकांच्या पाठीच बघतात. माणसांची तोंडं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाठी राहतात.

आज उजवीकडे निजलेल्या बाईचं आसन वन्संनी कोरलेलं होतं. तिचा खांदा शाळेत असताना मोडून पुन्हा जुळलेला. मोजमापात काहीच दिसत नव्हतं, पण तिने खोल श्वास घेतला की खांद्याचं पातं जरासं बाहेर येतं, हे वन्संच्या तळहाताला कळलं. तिथे नखभर खाच हवी, त्या म्हणाल्या. त्यांचे साहेब म्हणाले, आराखड्यात नाही. वन्सं हटेनात, तेव्हा म्हणाले, “कोरा. पण लिहून द्या. चुकलं, तर यापुढे आसनाला हात लावायचा नाही.”

वन्संनी त्याच दुपारी लिहून दिलं. घरी ह्यांनी कपाळाला हात लावला. “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!”

त्या बाईला दोन तास निजवून पाहिलं होतं, तिला बरं वाटलं होतं. पण चौपट वजन आणि वरचं ते थरथरणं एकत्र जमिनीवर कुठून आणायचं? खाच उथळ राहिली तर हाड टोचणार, खोल झाली तर खांदा सरकणार. आणि पुढचे सहा महिने तिला त्याच हाताने अंतराळ स्थानकावर काम करायचं होतं.

मला राहवेना. मी सरळ फरशीवर आडवी झाले आणि पाय खुर्चीवर टाकले.

“हे काय आता?” हे म्हणाले.

“बघतेय.”

मी छाती भरून श्वास घेतला. खरंच की, पातं हलतं! बेचाळीस वर्षं ते माझ्या पाठीत आहे आणि मला पत्ता नाही. मी पाचसहा वेळा श्वास घेऊन पाहिला. उजवं डाव्यापेक्षा जास्त हलत होतं. का, ते मी विचारणार होते, पण वन्संचा चेहरा पाहून उठून बसले.

शून्य झालं. पडदा जाळाने भरला.

“काय जाळ आहे, बघ तरी!” हे ओरडले.

“जाळ काय बघायचाय? आतली माणसं दाखवा म्हणावं.”

दाखवली. तीन शिरस्त्राणं थरथरत होती.

“दुखतंय हे ओळखायचं कसं?” मी हळूच विचारलं.

“आधी कोपर हलतं.”

मग आम्ही तिघंही एका कोपराकडे बघत बसलो. डावीकडच्याचं कोपर दोनदा हललं. उजवीकडचं जागचं हललं नाही. तेवढ्यात त्या टीव्हीवाल्या दिवट्यांनी आतलं चित्र काढून नकाशावरची एक रेघ दाखवायला सुरुवात केली आणि वन्सं टीव्हीला नको ते बोलल्या. एरवी त्यांच्या तोंडून असा शब्द येत नाही.

नऊ मिनिटांनी इंजिन बंद झालं. आतलं चित्र परत आलं. दोरीला बांधलेली पेन्सिल हवेत तरंगत होती, पण तिच्याकडे बघायला आमच्याकडे कुणाला सवड नव्हती.

खालून डॉक्टर एकेकाला विचारू लागले. डावीकडचा म्हणाला, मान आखडलीय. मधला म्हणाला, ठीक. उजवीकडची बाई मान वळवून छोट्याशा खिडकीतून बाहेर बघत होती.

“तुमची पाठ?” डॉक्टरांनी विचारलं.

ती बघतच राहिली.

“पाठ कशी आहे तुमची?”

“अं?” ती म्हणाली. “कसली पाठ?”

“हे काय उत्तर झालं?” हे चिडले. “बरी आहे की नाही, धड सांगावं की माणसाने!”

वन्संनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्या हमसून हमसून रडत होत्या.

“विसरली, दादा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “आपल्याला पाठ आहे, हेच विसरली ती.”