डावी बाजू

मुलीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. हात ग्रीसने भरलेले. सरपटत बाहेर आलो आणि करंगळीने कसाबसा फोन घेतला.

"बाबा, तुम्ही या."

"अगं, येतो ना. उजवी बाजू झाली. आता डावी तेवढी राहिलीये. उद्या आईला न्यायला—"

"बाबा, आई गेली."

मागे कुणीतरी नर्स तिला खाली बसायला सांगत होती. ते मला स्पष्ट ऐकू आलं.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. चांगलं झालं होतं. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. टाके ओले आहेत, नेताना हिसके बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमची गाडी जुनी. मागचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळून गेलेले, चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे रबरी बुश फाटलेले. साध्या खड्ड्यातसुद्धा मागे बसलेला माणूस उडायचा. आणि हिला मागच्या सीटवर आडवं करूनच आणायचं होतं. म्हणून मी नवे भाग आणले आणि घराशेजारच्या शेडखाली गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली.

मी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर होतो. गाडीची कामं घरीच करायची सवय. त्यावर ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "लोकांचे नवरे सुट्टीच्या दिवशी तोंड तरी दाखवतात. आमच्याकडे नुसते पाय दिसतात."

रक्ताची गुठळी झाली म्हणाले. सकाळी चहा पिऊन मुलीशी बोलत होती. बोलता बोलता थांबली.

त्यानंतर गाडी तशीच उभी राहिली. मागची चाकं काढलेली. उजवीकडे नवा काळा शॉक, डावीकडे तेल ओघळलेला जुना. भेटायला येणारे लोक गाडीला वळसा घालून दारापर्यंत येत. काय काम काढलंय, असं एकदोघांनी विचारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मुलगी आणि जावई थांबले होते. त्यांच्या रजा संपत आल्या तशी एका सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही आमच्याकडेच चला. इथे एकटे काय करणार?"

"आणि गाडी अशी उघडी टाकू?"

"मेकॅनिकला बोलावते मी."

"दुसऱ्याचा हात लागला की कुठे काय घट्ट केलंय आणि कुठे सोडलंय, पत्ता लागत नाही."

"मग तुम्ही करा. पण करा. रविवारी आपण तिघं गाडीनेच निघू."

जावई म्हणाला, "मी मदतीला आहे, बाबा. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण सांगाल ते धरून उभा राहीन."

"टॉर्च धरा," मी म्हटलं. "फक्त माझ्या डोळ्यांत मारू नका."

डावीकडचा खालचा बोल्ट गंजून बसला होता. तेल सोडलं, चहा पिऊन आलो, हातोडीने ठोकलं. हलेना. शेवटी पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि जावयाला म्हटलं, "लोंबकळा." तो लोंबकळला. बोल्ट कडकन सुटला आणि जावई धपकन जमिनीवर बसला.

"लागलं का हो?"

"नाही. पण सुटला ना? बोल्ट म्हणतोय मी."

दारात उभी असलेली मुलगी खळखळून हसली. आईसारखंच हसते. मग वळून आत गेली.

त्यानंतर काम सरळ होतं. जुना शॉक काढला, नवा घातला. बुश दाबून बसवले. चाकं लावली, खाली शिरायला जागा राहावी म्हणून चाकांखाली जाड ठोकळे सरकवले आणि गाडी त्यांच्यावर उतरवली.

"झालं?" जावयाने विचारलं.

"बुशचे बोल्ट राहिले. हातानेच लावलेत अजून. गाडी टांगलेली असताना ते आवळले, तर खाली आल्यावर रबराला पीळ बसतो आणि ते परत फाटतं. गाडी चाकांवर उभी पाहिजे, आत नेहमीचं वजन पाहिजे, मग आवळायचं."

नेहमीचं वजन म्हणजे ही. मागे डावीकडे बसायची. पुढे बसलं की तुमच्या चालवण्यावर बोलावं लागतं, म्हणायची. अशा कामाच्या वेळीही मटार घेऊन तिथेच सोलत बसायची आणि मी खालून पाना फिरवायचो. "चला, माझ्या वजनाचा कुणाला तरी उपयोग झाला," हे दरवेळी ठरलेलं.

मी मुलीला हाक मारली. "जरा मागे बसतेस का गं?"

तिने डावीकडचं दार उघडलं. हिला आणायचं म्हणून मी सीटवर गादी अंथरून ठेवली होती, एका टोकाला उशी. मुलीने ते पाहिलं. दार हळू लावलं, मागून वळसा घातला आणि उजवीकडून आत शिरून कडेला बसली.

"मी इकडे बसते, बाबा."

मी उजवीकडचे बोल्ट पक्के केले.

जावई थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "डावीकडे तांदळाचं पोतं ठेवू का? वजन ते वजन."

"अरे, काय बोलतोयस तू!" मुलगी आतून म्हणाली.

"बरोबर बोलतायत ते," मी म्हटलं. "रबराला काय कळतंय कोण बसलंय ते? आणा."

त्याने पोतं पाठीवर आणलं. आत ठेवायचं तर आधी गादी काढायला हवी होती. तो पाठीवर ओझं घेऊन वाकून उभा राहिला आणि मी काढीन म्हणून माझ्याकडे बघत राहिला.

मी पाना पुसला. परत पुसला.

"राहू दे," मी म्हटलं. "ठेवा ते खाली."

रविवारी ती दोघं बसने गेली. उजवीकडचे बोल्ट पक्के आहेत. डावीकडचे अजून हातानेच लावलेले आहेत.